घरचा वस्तरा

"ओढतोय."

आबा एवढंच पुटपुटले, तेही ओठ न हलवता. माझा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता, म्हणून ऐकू आलं. मी वस्तरा गालावरून उचलला.

"काय म्हणालात?"

"ओढतोय म्हटलं. केस कापत न्हाई, उपटतोय. कुणी हात लावला ह्याला?"

सकाळचे आठ वाजले असतील. वैशाख होता, माजघरातसुद्धा घाम येत होता. आबांच्या तोंडाला फेस लावलेला, आणि त्यातलं अर्धं तोंड तीन महिन्यांपासून त्यांचं राहिलंच नव्हतं. उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. चाळीस वर्षं ज्या हातानं गावाच्या दाढ्या केल्या तो उजवा हात, कुणी तरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा गोधडीवर पडलेला असायचा. उजव्या गालाला काही कळायचं नाही. डावा गाल मात्र शाबूत होता, आणि आमच्या सगळ्या घराला मिळून कळायचं नाही तेवढं त्या एका गालाला कळायचं.

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "मीच धार लावली."

"तू?"

"मी."

खोटं होतं. आणि ह्या खोट्याच्या मागं दुसरं फार मोठं खोटं होतं. माझा पाठचा भाऊ भास्कर जाऊन त्या सकाळी अकरा दिवस झाले होते, आणि हे गावात शाळेतल्या पोरांपासून नदीवरच्या धोबिणीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आबांना.

भास्करचं पुण्यात छोटंसं सलून होतं. दुकान बंद करून मोटरसायकलवरून खोलीवर जाताना टेम्पोनं उडवलं. तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ किसन, आणि त्यांचा थोरला बाळू, निरोप मिळताच गेले आणि सगळं तिकडेच उरकून आले. आबांना दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका, दुसरा झटका आला तर माणूस हाती लागायचं नाही. आईनं चुलीपुढे बसून, आवाज न चढवता ठरवून टाकलं.

"एक गेला. दुसरा मी जाऊ देणार न्हाई. ह्या घरात कुणी ब्र काढायचा न्हाई."

स्वतः रडायला ती नदीवर जायची, धुणं घेऊन. त्या महिन्यात आमच्या घरातले कपडे जितके स्वच्छ होते तितके आधी कधी नव्हते आणि पुढेही कधी झाले नाहीत.

दहावं नदीवर झालं. आमच्या घराण्यात एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या दहाव्याला डोकं उतरवायचं ते घरच्या वस्तऱ्यानं. त्या दिवशी विकतचं ब्लेड चालत नाही. घरचा वस्तरा म्हणजे आमच्या आजोबांपासून आलेला, हस्तिदंती मुठीचा. एरवी त्याला आबांशिवाय कुणी हात लावत नसे. आबा पडल्यापासून त्यांची दाढी मी करायची म्हणून मला तेवढी परवानगी. तात्या तर कैक वर्षं ब्लेड बसवायची मूठ वापरत होते. दवाखान्याच्या भिंतींवर एड्सच्या पाट्या लागल्या, तशी गिऱ्हाइकंच म्हणायला लागली, आधी नवं ब्लेड फोडा. गावात आबा एकटेच वस्तऱ्याला धरून राहिले.

तर आबांचा डोळा लागलाय असं बघून तात्यांनी धोकटी उघडली, आबांची हत्यारांची चामडी पिशवी. वस्तरा नदीवर नेला आणि बाळूचं डोकं नि मिशी उतरवली. तिथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण वापरलेलं हत्यार तसंच कसं ठेवायचं म्हणून त्यांनी परत ठेवण्याआधी दगडावर त्याला धारही लावली.

"तू कुठं शिकलीस धार लावायला?" आबांनी विचारलं.

मी सासर सोडून आलेली बाई. दोन वर्षं लोकांना 'माहेरपणाला आलेय' म्हणून सांगत होते, तेव्हा खोटं बोलायचा सराव नव्हता असं नाही. पण आबांचा चेहरा माझ्या डाव्या हातात होता, गालाची कातडी ताणून धरलेली. असं धरून खोटं बोलणं अवघड असतं. जे पहिलं तोंडाला आलं ते बोलून गेले.

"भास्करनं सांगितलं. फोनवर."

आबांनी डोळा माझ्याकडे वळवला. फेस वाळून त्याला भेगा पडायला लागल्या.

"फोन आलावता त्याचा?"

"काल. गुगळेशेठच्या दुकानात."

"त्याला काय कळतंय," ते शेवटी म्हणाले. "ब्लेडवाला त्यो."

त्यांच्यात ह्याच गोष्टीवरून बिनसलं होतं. भास्करचं म्हणणं, आबा, लोक घाबरतात, काळ बदलला. आबांचं म्हणणं, ज्याला धार राखता येत नाही तो ब्लेड फोडतो. एका पाडव्याला भास्कर गुढी उतरायच्या आधी पुण्याला निघून गेला. त्यानंतर आला तो आबांना झटका आला तेव्हाच. आठ दिवस दवाखान्यात उशाशी होता. रोज सकाळी नवं ब्लेड फोडून, गरम पाणी घेऊन दाढी करायला बसायचा, आणि आबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. आबा घरी आले ते आठ दिवसांची दाढी घेऊनच. ती मी केली. भास्कर तोवर परत गेला होता.

"परत फोन आला की सांग त्याला," आबा म्हणाले. "दगडावर वस्तऱ्याची पाठ उचलायची न्हाई. धार आणि पाठ, दोन्ही टेकलेली पायजेत. पाठ उचलली की धार लवकर आल्यागत वाटती, पर जाड हुती. ह्यो वस्तरा पाठ उचलून लावलाय."

"सांगते."

"आता पूस माझं तोंड. ऱ्हायलेली दाढी ऱ्हाऊ दे."

मी चुलीपाशी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "फोनचं कशाला काढलंस?" म्हणाली. मग म्हणाली, "आता काढलायस तर चालव."

मी चालवलं. दोन-तीन दिवसांआड दुपारी गुगळेशेठच्या दुकानात जायची आणि फोनशेजारच्या गुळाच्या ढेपेवर बसायची. पहिल्या दिवशी शेठनी कुलूप काढून फोन पुढं सरकवला. "कुठं लावायचाय, हिराबाई?"

"कुठं नाही. बसते जरा."

त्यांनी फोन परत मागं घेतला. नंतर कधी विचारलं नाही. मी आले की पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे.

घरी येऊन मी भास्करच्या वतीनं प्रश्न विचारायची. प्रश्न माझेच असायचे, कारण सकाळी परसात दगड घेऊन बसले की अडायचं मलाच.

"भास्कर विचारत होता, दगडावर किती वेळा फिरवायचा?"

"असं मोजून सांगता येत न्हाई. कानानं घ्यायचं. आधी खरखर येती. मग कमी कमी हुती आणि पाण्यात बोट फिरवल्यागत आवाज येतो. तिथं थांबायचं. त्याच्या फुडं गेलं की धार मुडपती. आणि दाबायचं न्हाई. वस्तऱ्याचं वजन वस्तऱ्यालाच पुरतं."

"तो म्हणाला, पट्ट्यावर मारताना पट्टा कापला गेला."

"धार फुडं घातली आसंल गाढवानं. दगडावर धार फुडं, पट्ट्यावर पाठ फुडं. वळवायचा तो पाठीवरनं वळवायचा, धारंवरनं न्हाई. दगड महिन्यातनं एकदा. पट्टा रोज, दाढीच्या आधी. झालं की कोरडा पुसून खोबरेलाचं एक बोट." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पट्ट्यावर मारताना बांगड्या वर सारायच्या. वाजल्या की ताल चुकतो."

मी मान हलवली. भास्करच्या हातात बांगड्या कुठून येणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पट्टा खरोखरच मी कापला होता. चामड्याचा पट्टा, खुंटीला अडकवून ताणायचा. त्याला करंगळीएवढी चीर पडली होती.

मध्येच एकदा बाळूमुळं पंचाईत झाली. आबांना उठवून बसवायला रोज तोच यायचा. दहाव्यानंतर त्याला चार दिवस येऊ दिलं नव्हतं, पण आई आणि मी दोघी मिळूनही आबांना नीट उचलता येईना. शेवटी तात्यांनी त्याला माकडटोपी घालून पाठवला. वैशाखात. टोपीतून गोल तोंड तेवढं बाहेर, आणि नाकाखाली जिथं कालपरवापर्यंत झुपकेदार मिशी होती तिथं पांढुरकी कातडी. न्हाव्यापासून असलं काही झाकून राहील असं घरातल्या एकालाही वाटावं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

"सर्दी झालीया," बाळू दारातूनच म्हणाला, कुणी न विचारता.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "मिशीला पण?"

"फॅशन हाय, आबा. हिरो लोक ठेवत न्हाईत आता."

"बरं दिसतंय," आबा म्हणाले. "उचल मला."

बाळूनं त्यांना बगलेत हात घालून उठवलं, तेव्हा आबांचा डावा हात त्याच्या पाठीवरून वर मानेवर गेला. टोपीच्या कडेशी बोटं जरा थांबली, मग खाली आली. मी समोरच उभी होते. मला वाटलं, आधाराला धरलं असेल.

तीन आठवडे झाले. एका सकाळी परसात दगडावर ती खरखर कमी कमी होत गेली आणि पाण्यात बोट फिरवल्यासारखा आवाज आला. मी हाताच्या लवीवर वस्तरा टेकवला. लव उडून गेली, कातडीला कळलंसुद्धा नाही. आत येऊन आबांच्या गालावर गरम फडकं ठेवलं, फेस लावला, पट्ट्यावर वस्तरा मारला, बांगड्या वर सारून. डाव्या कानापासून खाली आले. हनुवटीपाशी आले तेव्हा बघते तर ते झोपले होते. वस्तऱ्याखाली माणूस झोपतो ह्यापेक्षा मोठी पावती नाही, असं ते स्वतःच कधी तरी म्हणाले होते. मी वस्तरा पुसला आणि तशीच बसून राहिले. आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगायचा ते कळत नव्हतं.

उठल्यावर आबांनी गालावरून हात फिरवला.

"आता त्याला देऊन ये."

"काय?"

"वस्तरा. फोनवर किती दिस शिकंल त्यो? पुण्याला जा आणि त्याच्या हातात दे."

"आबा, आणि तुमची दाढी?"

"किसनाकडनं ब्लेडाची मूठ आण. माझं काय, कसंबी चालंल. उद्या जा."

माझ्याकडे बघत होते ते. मी काही तरी बोलेन म्हणून वाट बघितल्यासारखे. मी 'बरं' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या पिशवीत खरोखर दशम्या बांधून दिल्या. "कराडच्या स्टँडवर बस दिवसभर," म्हणाली, "आणि संध्याकाळच्या गाडीनं ये." तशी मी बसले. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला वस्तरा. माझ्यासमोरून पुण्याच्या किती तरी गाड्या भरून गेल्या. एकीच्या दारापर्यंत गेलेही. निदान त्याचं दुकान बाहेरून बघून यावं, पाटीवर काय नाव घातलं होतं ते तरी वाचावं. कंडक्टर म्हणाला, चढताय का बाई, आणि मी मागं सरले. दशम्या एका म्हातारीला दिल्या.

घरी आले तेव्हा आबा जागे होते.

"दिलास?"

"दिला."

"काय म्हणाला?"

एवढ्या दिवसभरात मी ह्याचं उत्तर ठरवून ठेवलं नव्हतं. "काही नाही. दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांना लावला."

आबांनी डोळे मिटले. "बारीक झालाय?"

"थोडासा."

"खातोय का येळेवर?"

"खातो म्हणाला."

"बरं," आबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि वस्तरा पिठाच्या डब्यामागं ठेवला. आई बघत होती.

दुसऱ्या सकाळी तात्यांची ब्लेडाची मूठ घेऊन बसले. माझ्या हाताला ती हलकी लागत होती, कुठं दाबावं कळत नव्हतं. आबांची कातडी आजारानं कागदासारखी झालेली. हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त आलं. मी तुरटी लावली तेव्हा त्यांची मान ताठ झाली. तिसऱ्या दिवशी गालावर बारीक पुरळ उठलं. तात्या भेटायला आले, म्हणाले, "गाल लाल दिसतोय, दादा."

"बरं हाय," आबा म्हणाले. "ऊन फार पडलंय औंदा."

"लई पडलंय," तात्या म्हणाले, आणि दोघे भाऊ उन्हाबद्दल बोलत बसले.

चौथ्या दिवशी मी पाणी तापवायला ठेवलं आणि ब्लेडाची मूठ हातात घेतली. ती परत ठेवली. पिठाच्या डब्यामागून वस्तरा काढला. आई परसात भांडी घासत होती. वस्तरा गालाला लागला की आबा पहिल्याच फटक्यात ओळखणार, हे मला कळत होतं. ओळखलं की पुण्याचं खोटं सुटणार, आणि ते सुटलं की त्याच्या मागचं सुटणार. डॉक्टरांचं वाक्यही आठवत होतं. पण त्या गालावर ब्लेड लावायला हात उठेना. परसात जाऊन पट्टा मारता आला असता, म्हणजे निदान आवाज तरी गेला नसता. मी गेले नाही. माजघरातल्या खुंटीलाच पट्टा अडकवला, त्यांच्या उशाशी, आणि बांगड्या वर सारल्या.

आबा डोळे मिटूनच होते. सगळा पट्टा मारून होईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. मी फडकं ठेवलं, फेस लावला, गाल ताणून धरला आणि कानापासून एक हात खाली आणला.

"कुणाचा वस्तरा?" ते म्हणाले.

"आपलाच."

"दिलावतास न्हवं त्याला?"

"दिला नाही, आबा."

मला वाटलं ते 'का' विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"किसनानं पाठ उचलून धार लावली," ते म्हणाले. "ल्हानपणापास्नं उचलतो. बाचा मार खाल्ला त्यापायी, तरी उचलतो. तुझं नाव सांगितलंस तवाच म्हटलं, ही पोरगी कुणाला तरी झाकतीया. किसना माझी धोकटी कशाला उघडंल? दहाव्याबिगर त्यानं ह्या वस्तऱ्याला कधी हात लावलाय? मग मी पडल्या पडल्या मोजत बसलो. तू हायेस. तुझी आई हाय. किसना येऊन गेला, त्याची बायकू येऊन गेली. बाळ्या आला टोपी घालून." त्यांनी आवंढा गिळला. माझ्या बोटांखाली तो खाली गेलेला मला कळला. "एकच आला न्हाई."

"आबा, मग बोलला का नाहीत?"

"रोज सकाळी म्हणायचो, आज कोण तरी सांगंल. तुला पुण्याला जा म्हटलं, तवा वाटलं, आता तरी सांगंल. तू निघालीस पिशवी घेऊन."

"आणि तो फोन? दगड कसा, पट्टा कसा, ते सगळं कशाला सांगत बसलात मग?"

"तुला येत न्हवतं म्हणून."

अर्ध्या गालावर फेस तसाच होता. मी तो पुसायला फडकं घेतलं, त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"दवाखान्यात आठ दिस बसला माझ्यापाशी पाणी घिऊन. मी तोंड फिरवलं. ब्लेड तर ब्लेड. एकदा गाल दिला असता तर माझं काय जात हुतं?"

मी फडकं गोधडीवर ठेवलं.

"महिना झाला, हिरे. छाती भरून येती नि तितंच ऱ्हाती. घरात कुणी गेलंच न्हाई, तर मी रडू कुणासाठी? तुम्ही कुणी म्हणत न्हाई. एकदा कुणी तरी म्हणा."

मी तोंड उघडलं. महिनाभर भास्करच्या वतीनं इतकं बोलले होते, आणि आता दोन शब्द निघेनात.

दारात भांड्यांचा आवाज झाला. आई उभी होती, घासलेली भांडी हातात, कोपरापर्यंत राख. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं भांडी खाली ठेवली. पदराला हात पुसले, सावकाश, एक एक बोट. मग खाटेपाशी आली, मला बाजूला केलं, आणि आबांच्या उशाशी टेकली.

"अहो," ती म्हणाली, "आपला भास्कर गेला."